बेंचवर घरचं कुणी नको

जेवणं केव्हाच उरकली होती, तरी टेबलावरून कुणी हललं नव्हतं. ताटं सुकली, पाण्याचा जग दुसऱ्यांदा भरून आला, रविवारची दुपार कलली, आणि विषय होता तिथेच होता.

विषय तसा सोपा होता. कारखान्याच्या महिला बास्केटबॉल संघाचा कोच ऐन हंगामात एका मोठ्या क्लबकडे निघून गेला होता. संघ तळाला होता, आणि हंगाम संपायच्या आत सावरला नाही तर खालच्या गटात ढकलला जाणार होता. त्याला सावरू शकेल असं एकच माणूस मोकळं होतं. ते माणूस म्हणजे संघाची पूर्वीची कोच, आणि पूर्वीची कोच म्हणजे या घरातली पूर्वीची थोरली सून.

हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे तिला सोडून बाकी सगळ्यांची नावं घेऊन झाली. धाकटा भाऊ क्लबचा सेक्रेटरी होता. त्याने एका शाळेतले पीटीचे मास्तर सुचवून पाहिले. मधला भाऊ कारखाना सांभाळायचा. त्याने त्या मास्तरांचं पोट किती सुटलंय ते सांगितलं. मग धाकटा दोन जुन्या खेळाडूंवर आला. एकीने दुकान काढलं होतं, दुसरीचा पत्ता नव्हता. शेवटी त्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मग मोठ्या वहिनींना विचारायचं का?"

कुणी दचकलं नाही. मधल्याने खुर्ची जराशी मागे घेतली, एवढंच.

मधल्याचं म्हणणं असं होतं की, वडिलांनी घेतलेला निर्णय वडील गेल्यावर फिरवायचा म्हणजे त्यांच्या माघारी त्यांना खोटं पाडायचं. धाकट्याचं म्हणणं असं की, वडिलांनी संघ उभा केला तो बुडवायला नव्हे. दोघेही वडिलांच्याच बाजूने भांडत होते, त्यामुळे भांडण मिटायला काही जागाच नव्हती.

मधली, म्हणजे मधल्याची बायको, दोघांचं ऐकत होती. ती संघाची व्यवस्थापक होती. गणवेश, औषधांची पेटी, बस, पाण्याच्या बाटल्या हे सगळं तिच्याकडे, आणि सामन्याच्या वेळी बेंचच्या टोकाची जागाही तिची. कोच आले नि गेले, ती जागा कुणी तिच्याकडे मागितली नव्हती. ती उठली आणि ताटं गोळा करू लागली. त्यात काही घाई नव्हती. तिला फक्त हाताला काम हवं होतं.

सासऱ्यांनी गाद्यांचा कारखाना काढला, तेव्हा खोळी शिवणाऱ्या बायका जेवणाच्या सुट्टीत चिंध्यांचा चेंडू करून रिकाम्या पिंपात टाकायच्या. सासऱ्यांनी ते पाहिलं, हसले, आणि स्प्रिंगच्या गोदामात एक रिंग ठोकून दिली. इथून संघ सुरू झाला. पण त्याचं सोनं केलं ते थोरलीने. ती स्वतः खेळाडू. लग्न होऊन आली, आणि वर्षाच्या आत गोदामातल्या बायकांना तिने बचाव कशाला म्हणतात ते शिकवलं. संघ दोन गट वर चढला. मग तिचा नवरा, घरातला थोरला मुलगा, आजारपणात गेला. पुढे तिने लीगमधल्या एका पंचाशी लग्न केलं. सासरे म्हणाले, पंचाची बायको कोच राहिली तर लीगमध्ये आपल्याला तोंड दाखवता येणार नाही. कारण खेळाचं दिलं होतं, पण खरी गोष्ट खेळाची नव्हती हे पोरासोरांनाही कळत होतं.

पोर एकच होतं, थोरलीची मुलगी. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून तिला बुटकी म्हणायला लागले. आता ती दारातून वाकून आत येते, तरी नाव तेच. आई निघाली तेव्हा बुटकी पाचवीत होती. तिने पलंगाचा खांब धरला आणि मी इथेच राहणार म्हणून बसली. थोरलीने तिला ओढलं नाही, ओरडली नाही. बराच वेळ ती दारात उभी राहिली, मग बॅग उचलली. घरात ही गोष्ट नंतर ‘मुलीला टाकून गेली’ अशी सांगितली जाऊ लागली. मधली त्या वेळी खोलीतच होती. काय झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिला मूल नव्हतं आणि बुटकी त्या दिवसापासून तिच्या कुशीत झोपायला लागली होती. तिने ती गोष्ट कधी दुरुस्त केली नाही.

"आई, तू काय म्हणतेस?" धाकट्याने विचारलं.

सासूबाई इतका वेळ टेबलावरच्या चादरीची सुरकुती सपाट करत होत्या. त्या ठाम नाही म्हणतील असं मधल्याने गृहीत धरलं होतं. धाकट्यानेही मनातून तेच धरलं होतं.

"सामन्याच्या दिवशी कोच जेवायला आपल्याकडे असतो," त्या म्हणाल्या. "ती आली तर बसवायची कुठे?"

धाकट्याने टेबलाभोवतीच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"तेवढं ठरवा," सासूबाई म्हणाल्या. "कोच म्हणून घ्यायची तर कोच म्हणून घ्या. सून म्हणून मी परत घेणार नाही, आणि पाहुणी म्हणून बोलावणार नाही. संघाचं तुमचं तुम्ही बघा."

मधल्याने बायकोकडे पाहिलं. आई अशी निसटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बुटकी सरावाहून आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. ती संघाची कर्णधार होती, तेव्हा तिला विचारणं भागच होतं. पण कसं विचारायचं ते कुणालाच कळेना, म्हणून धाकटा नको तितका लांबून सुरू झाला. बुटकीने उभ्या उभ्या एक घास खाल्ला आणि त्याला मध्येच थांबवलं.

"मॅडमना घ्या," ती म्हणाली.

"अगं, मॅडम काय," मधला म्हणाला. "आई आहे ती तुझी."

"काका, आम्ही ओळीने हरतोय. पोरी आता हरायच्या आधीच हरतात. मॅडमना घ्या."

ती ताट वाढून घेऊन आत गेली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. राग नव्हता, ओढ नव्हती. मधलीने तिला ताप नसताना ताप आहे असं म्हणताना ओळखलं होतं, परीक्षेचा निकाल दप्तरात दडवलेला असताना ओळखलं होतं. आज मात्र तिला काही थांग लागेना. तेच तिला बोचलं.

थोरलीला विचारायला जायचं कुणी, तर मधलीने. मधला जाणार नव्हता, सासूबाईंचा प्रश्नच नव्हता, आणि धाकट्याच्या मते बाईमाणसांचं बाईमाणसांनी बोललेलं बरं. असली कामं तिच्या गळ्यात कशी पडतात ते मधलीला आता पाठ झालं होतं.

थोरलीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. दारापाशी बुटांची रांग होती, सगळे खेळाचे. दार पंचाने उघडलं. मधलीच्या घरी सगळे त्याला पंचच म्हणायचे. बाहेरही बहुतेक म्हणत असावेत. निवृत्त होऊनही त्याची शिस्त गेली नव्हती. त्याने तिला खुर्ची दाखवली, चहा आणून ठेवला आणि म्हणाला, "मी आतच आहे. भांडण झालं तर हाक मारा. सवय आहे."

थोरलीचे केस बारीक कापलेले होते आणि बरेच पिकले होते. ती खुर्चीच्या कडेवर बसली, जणू आता कुणीतरी आत खेळायला बोलावेल.

"वहिनी," मधली म्हणाली आणि अडखळली. हे नातं आता कागदावर उरलेलं नव्हतं. पण दुसरी हाक तिच्याकडे नव्हती. थोरलीने हाक ऐकली आणि तशीच राहू दिली.

मधलीने निरोप सांगितला. त्यात घरातलं कोण काय म्हणालं ते गाळलं. थोरलीने बुटकीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. डावीकडून कोण खेळतं, उंच मुलींपैकी दम कुणाला लागतो, सराव कुठल्या वेळी असतो, एवढंच विचारत राहिली. मधली उत्तरं देत होती, आणि अर्ध्या गोष्टी थोरलीला आधीच माहीत आहेत हे तिच्या हळूहळू लक्षात येत होतं.

"तुम्ही सामने बघता."

"शेवटच्या रांगेत बसते. तुम्ही कुणी मागे वळून बघत नाही." थोरली खुर्चीत पुढे वाकली. "मी येईन. दोन गोष्टी आहेत. कोण खेळणार, कोण बसणार, ते मी ठरवणार. आणि बेंचवर घरचं कुणी नको."

"धाकटे भावोजी तसेही बसत नाहीत. ते दाराशी फोनवर असतात."

"तूसुद्धा नको," थोरली म्हणाली.

आतल्या खोलीत पंचाने काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाटल्या, औषधं वगैरे..."

"ते एखादी राखीव मुलगी करेल. रागावू नकोस. चेंडू हुकला की तुमची कर्णधार आधी तुझ्याकडे बघते. तू मान हलवतेस, मग ती बचावाला पळते. तेवढ्यात समोरची निम्म्या मैदानापर्यंत गेलेली असते. तुला ते दिसत नाही, कारण तू तिच्याचकडे बघत असतेस."

मधलीने चहा संपवला. तो गार झाला होता. विचारून सांगते, असं ती म्हणाली आणि जिने उतरली.

बसथांब्यावर तिने एक बस जाऊ दिली. थोरली नाही म्हणाली, एवढं घरी सांगितलं की संपलं. नवरा सुटकेचा निःश्वास सोडणार, सासूबाईंचा जेवायच्या जागेचा प्रश्न मिटणार, धाकटा पुन्हा पीटी मास्तरांकडे वळणार. कुणी शहानिशा करायला तिसरा मजला चढणार नव्हतं. तिने हे मनात सगळं नीट रचून पाहिलं. कुठे खोट निघत नव्हती. मग तिला गेल्या सामन्यातला एक प्रसंग आठवला. बुटकीचा चेंडू रिंगवरून उडाला होता, बुटकीने वळून पाहिलं होतं, आणि तिने मान हलवली होती. त्याच्या पुढचं तिला काही आठवेना. समोरच्या संघाने गुण केला की नाही, कुणी अडवलं की नाही, काही नाही. दुसरी बस आली, त्यात ती चढली.

घरी तिने दोन्ही अटी जशाच्या तशा सांगितल्या, आणि सगळं टेबल उलटंपालटं झालं. इतके दिवस वडिलांचा मान सांभाळणारा मधला आता बायकोच्या मानावर आला. ज्या बाईने हे घर सोडलं तिने या घरातल्या बाईला बेंचवरून उठवावं, हे त्याला चालणार नव्हतं. धाकटा, जो इतकी वर्षं ‘वहिनी, तुम्ही आहात म्हणून संघ आहे’ असं दर समारंभात म्हणायचा, तो म्हणाला की एका खुर्चीचाच तर प्रश्न आहे. मधलीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली, पण शब्द मागे घेतला नाही.

सासूबाईंनी दोन्ही मुलांना गप्प केलं. "जिची खुर्ची आहे तिला विचारा."

"घ्या त्यांना," मधली म्हणाली.

"विचार केलास का?" नवऱ्याने विचारलं.

"बसथांब्यावर केला."

तो उठून गेला. आपण कुणासाठी भांडत होतो हेच त्याला कळेनासं झालं होतं, आणि पुढे बरेच दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलत राहिला. जेवायच्या जागेचा प्रश्न थोरलीने स्वतःच सोडवला. सामन्याच्या दिवशी ती घरून डबा आणायची आणि गोदामातच जेवायची. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठीक आहे." पण नंतर दोनदा त्यांनी विचारलं, डब्यात काय असतं.

संघ सुधारला. जादूबिदू काही झाली नाही. पोरी हरायच्या, पण शेवटपर्यंत खेळून हरायच्या, आणि मग हळूहळू जिंकूही लागल्या. बुटकी घरात मॅडमबद्दल काही बोलत नसे. मधली विचारत नसे. ती आता मैदानात पोचायची तेव्हा तिच्या हातात काही नसायचं, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला पहिले काही सामने समजलंच नाही.

शेवटून दुसऱ्या सामन्याला तिची जागा पंचाने राखून ठेवली होती. शेजारच्या खुर्चीवर त्याने आपला कोट टाकला होता. हे त्या दोघांत आपोआप ठरून गेलं होतं. त्यालाही बेंचजवळ फिरकायची बंदी होती. मधला दोन रांगा वर बसला होता, हाताची घडी घालून. हा सामना जिंकला तर संघ वाचणार होता. हरला तर सगळं शेवटच्या सामन्यावर लटकणार होतं.

वरून खेळ वेगळाच दिसायचा. बेंचवरून मधलीने इतकी वर्षं फक्त पाय, गुडघे आणि बुटकीचं तोंड पाहिलं होतं. इथून पाचही जणी एकदम दिसायच्या. पंच हळू आवाजात सांगायचा, ती बघा, ती आता आत घुसणार, आणि ती घुसायची. दुसऱ्या क्वार्टरमध्ये बुटकी चेंडूसाठी उंच उडाली आणि खाली येताना दुसरीच्या पायावर उतरली. पडली. लगेच उठली. हात झटकले आणि पळत सुटली. थोड्या वेळाने तिने लांबून चेंडू टाकला, तो आत गेला, आणि बुटकी हसली.

"मजेत खेळतेय आज," पंच म्हणाला.

मधलीची नजर बुटकीच्या तोंडावरून हलेना. बुटकी खेळताना कधी हसत नाही. दाढ दुखली की हसते. दारात बोट चेंगरलं होतं तेव्हा ती सगळ्या घराला दात दाखवत फिरली होती. दुखणं लपवायचं असलं की हिचं तोंड असं पसरतं, हे मधलीशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मधली खुर्चीच्या पुढे सरकली आणि पुन्हा मागे टेकली. खाली जायचं नाही असं तिने कबूल केलेलं होतं.

मध्यंतराला संघ चार गुणांनी पुढे होता. मुली कपडे बदलायच्या खोलीकडे गेल्या. थोरली त्यांच्या मागून गेली नाही. ती पायऱ्या चढून वर आली. लोक वळून बघू लागले. ती मधलीच्या रांगेपाशी थांबली. तिला धाप लागली होती.

"ती हसतेय," थोरली म्हणाली.

"हो."

"लहान होती तेव्हा असं हसायची का, ते मला आठवत नाही. तिच्या तोंडावरून आता मला काही कळत नाही. विचारलं तर म्हणते ठीक आहे." तिने कठड्यावर हात ठेवला. "तू सांग."

दोन रांगा वरून मधला वाकून ऐकत होता. मधलीला सगळं एकदम समोर दिसलं. बुटकी बसली तर चार गुण टिकणार नव्हते. कुणी सांगितलं ते बुटकीला कळायला वेळ लागणार नव्हता. आणि गप्प राहिलं तर ही बाई बुटकीचा शब्द खरा धरून खाली जाईल, हेही तिला दिसत होतं. या बाईने इतक्या वर्षांत कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"डावा घोटा," मधली म्हणाली. "मोजा उतरवून बघा. सुजला असेल."

"नाही म्हणेल."

"म्हणेलच. ऐकू नका. बसवा तिला."

थोरलीने मान हलवली आणि ती खाली गेली.

उत्तरार्धात बुटकी पायाला बर्फ बांधून बेंचवर बसली. चार गुण लवकरच गेले. संघ लढला, एकदा बरोबरीतही आला, आणि तीन गुणांनी हरला. मधला उठला. "काय गरज होती?" एवढं म्हणून तो गाडी काढायला गेला. धाकटा दाराशी फोनवर होता. मधलीला बघून त्याने पाठ फिरवली.

पंचाने कोट अंगात घातला. "निर्णय बरोबर होता," तो म्हणाला. बटणं लावून झाल्यावर म्हणाला, "बरोबर निर्णय दिला की मैदानात कुणी आपल्याशी बोलत नाही. माझी सगळी नोकरी त्यातच गेली."

बाहेर बुटकी एका मुलीच्या खांद्यावर हात टाकून आली. एक बूट पायात, एक हातात. घोटा चांगलाच सुजला होता. ती मधलीसमोर उभी राहिली तेव्हा मधलीला नेहमीप्रमाणे मान वर करावी लागली.

"तू सांगितलंस."

"हो."

"मॅडमना कळलं नव्हतं."

"नव्हतं कळलं. म्हणून विचारायला आल्या."

"मी खेळले असते."

"खेळली असतीस," मधली म्हणाली. तिने वाद घातला नाही.

मागून थोरली आणि पंच बाहेर पडले. थोरली बुटकीपाशी थांबली, वाकून घोटा पाहिला, पण हात लावला नाही. "उद्या सरावाला ये," ती म्हणाली. "बाजूला बसून बघायचं. शेवटच्या सामन्यात तुझ्या जागी जी खेळेल तिला तू सांगायचंस." बुटकीने मान हलवली. थोरलीने एकदा मधलीकडे पाहिलं, मग ती पंचाबरोबर स्कूटरकडे निघून गेली.

मधल्याने गाडी आणून उभी केली. बुटकी मागच्या सीटवर शिरली, मधली पुढे बसायला दाराला हात घालत होती.

"काकू, मागे ये," बुटकी आतून म्हणाली.

मधली मागे बसली. सीट लहान आणि पोरगी लांब. सुजलेला पाय खाली सोडता येईना, पुढे मावेना. थोडा वेळ तिने तो इकडे तिकडे करून पाहिला आणि शेवटी मधलीच्या मांडीवर टाकला. मधलीने ओढणीची घडी करून घोट्याखाली सरकवली. मधल्याने आरशात एकदा पाहिलं आणि गाडी सावकाश घेतली.

घर येईपर्यंत बुटकी खिडकीकडे तोंड करून बसली होती. पाय मात्र तिने काढून घेतला नाही.